दाराच्या वाटेवरचे पाच जण

"मेलेल्या माणसाच्या पायानं चालत येतोस व्हय रं? लाज न्हाई वाटत तुला?"

ठकूआत्या दारात उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. बिरू अंगणाच्या कडेला तसाच खिळला. पाठीवर वाळूची पिशवी, पायात बापाच्या जाडजूड वहाणा.

"आत्ते, ऐक तरी."

"काय ऐकू? मगाधरनं तेच ऐकतीया! खालच्या वळणापासनं. डावा पाय वढत, उजवा दाबून. माझ्या भावाचं पाऊल मला कळंना व्हय? चुलीवरचं दूध तसंच टाकून पळाले मी. पायावर घालायला पानी घिऊन आले. आन् बघते तर हे ध्यान!"

दूध उतू गेलं होतं. करपल्याचा वास अंगणापर्यंत येत होता.

एरवी बिरू वहाणा शेवटच्या वळणाखालीच काढायचा, कारवीत लपवायचा, आणि पुढं आपल्या बुटांनी आपल्या चालीनं यायचा. आज विसरला. सकाळपासूनची ही तिसरी चढाई होती. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि डोक्यात फक्त पावलं मोजणं चालू होतं. एकदा माणूस इतका दमला की खोटं बोलायचंही ध्यानात राहत नाही.

आणि दमला की त्याचं टाळकंही लवकर सरकायचं.

"मग काय करू?" तो ओरडला. त्यानं पिशवी धाडकन खाली टाकली. "तुझ्यापायीच मरतोय ना मी? सहा महिने झाले. तुला इथं राहायचंय ना? ह्या वाळल्या माळावर, ह्या तीन म्हशींबरोबर? मग राहा की. पण वाटेवर पाच पाय दिसले नाहीत तर तुला उचलून खाली वसाहतीत नेतील, हे ठाऊक हाय का तुला?"

"मी सांगितलं व्हतं तुला कोंडिबाचं सोंग घ्यायला?"

"सांगायला लागतं का?"

आत्यानं तांब्यातलं पाणी अंगणात ओतलं. त्याच्या पायावर नाही, बाजूला, मातीवर. मग आत गेली आणि चुलीवरचं भांडं खरवडायला लागली. त्या खरवडण्याचा आवाज शिव्यांपेक्षा वाईट होता.

*

आता हे पाच पायांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं.

घोणमाचीवर धनगरांची वस्ती. एके काळी अकरा घरं, आता एकातच धूर. खाली पिंपळखोल गाव, आणि दोघांच्या मध्ये दाराची वाट. साडेआठशे मीटरची उभी चढण, सतरा वळणं. कड्यात दार उघडावं तशी एक फट आहे, तिच्यातून जाते म्हणून दाराची वाट.

वीसेक वर्षांपूर्वी शहरातल्या माणसांना डोंगरांचं वेड लागलं. शनिवार-रविवार आला की एकेका वाटेवर दोन-दोन हजार लोक. बूट घासून घासून वाटांच्या घळी झाल्या. पावसाळ्यात त्याच घळींतून पाणी धो धो उतरायचं, माती घेऊन जायचं. दोन ठिकाणी तर कडाच सुटला. तेव्हा वाट मंडळ आलं, आणि त्यांचा जिता नकाशा आला.

जिता म्हणजे खरोखरच जिता. प्रत्येक वाटेखाली वीतभर खोल एक काळी दोरी पुरलेली. दोरीच्या पोटात केसाएवढी काच. खालच्या पेटीतून त्या काचेत उजेडाचे ठोके सोडतात, सेकंदाला हजारो. कुणी वर पाय टाकला की माती दबते, काच कणभर ताणली जाते, आणि उजेडाचा थोडासा भाग मागं फिरतो. किती वेळात परत आला त्यावरून कळतं पाऊल कुठं पडलं. कसा आला त्यावरून कळतं पाऊल कसं पडलं. सगळी वाट म्हणजे एक लांबलचक कान. शिवाय महिन्यातून दोनदा ड्रोन येतो, लेझरनं जमीन मोजतो. नखाएवढी माती गेली तरी पकडतो. हे सगळं मिळून नकाशा दर सोमवारी सकाळी प्रत्येक वाटेला एक आकडा देतो. थकवा. शंभरापैकी सत्तरच्या वर गेला की वाट तीन वर्षं विश्रांतीला. फाटकं बंद, फोनवरचा नकाशा लोकांना दुसरीकडनं नेतो, पायऱ्यांच्या फळ्याही काढून ठेवतात.

खोटं कशाला बोला, डोंगराला त्याचा फायदा झाला. जिथं नुसता मुरूम उरला होता तिथं परत गवत आलं. बिरूनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून तर नववीत शाळा सोडून, दोन वर्षं उनाडून, तो मंडळाचा वाटराख्या झाला. खाली पेटीशेजारच्या खोलीत राहायचं, रोज वाट चढायची, दोरी उघडी पडली असेल तर बुजवायची. शाळेत त्याला बाकावर अर्धा तास बसवायचं नाही, पण वाटेवर कुठला दगड कालच्यापेक्षा बोटभर सरकलाय हे तो चालता चालता सांगायचा.

पण नकाशाला वरची बाजू आहे तशी खालचीही आहे. ज्या वाटेवर कुणी राहणारं चालतच नाही, तिची निगा कशाला राखायची? म्हणून नियम: महिन्यात पाच वेगवेगळे रहिवासी चालले तर ती रहिवासी वाट. नाहीतर वाट जंगलाला परत, वरची वस्ती 'रिकामी', आणि उरलीसुरली माणसं खाली वसाहतीत.

आणि वर उरली होती एकटी ठकूआत्या. बिरू होता, पण तो मंडळाचा माणूस. त्याचा पाय नकाशात नोकर म्हणून नोंदलेला, रहिवाशांत धरत नाहीत.

बिरूची आई तो रांगत होता तेव्हाच गेली. त्याला ह्या आत्यानंच वाढवलं. ती नवऱ्याला सोडून माहेरी आली ती कायमची. गेल्या फाल्गुनात बाप गेला तेव्हा बिरू म्हणाला होता, "चल खाली माझ्याबरोबर." ती म्हणाली, "म्हशी खाली जगत न्हाईत, आन् मीबी न्हाई." संपलं. वसाहतीत गेलेल्या आठ म्हाताऱ्यांपैकी पाच जण दोन वर्षांत गेले होते. भिंतीकडं तोंड करून निजायचे आणि उठायचेच नाहीत. बिरूनं तेही बघितलं होतं.

तर मग त्यानं काय केलं? नकाशाकडं कुणाचीच नावं नसतात. तसा कायदाच आहे. कोण कुठं हिंडतं हे सरकारनं नावानिशी ठेवायचं नाही. नुसते पाय क्रमांक. वजन, पावलातलं अंतर, टाच आधी की चवडा आधी, काय घासतं, काय दबतं. पाय क्रमांक चार म्हणजे कोंडिबा, पण नकाशाला तो मेल्याचं कळणार कसं? त्याच्या दृष्टीनं चार नंबर नुसता यायचा थांबला होता.

बिरूला लहानपणापासून न बघता कळायचं की कोण येतंय. आता त्यानं तेच उलटं केलं. बापासाठी पाठीवर चोवीस किलो वाळू, कारण बाप ब्याऐंशी किलोचा आणि हा अठ्ठावन्नचा. डावा गुडघा आखडलेला. खोलीतल्या पडद्यावर बापाच्या पावलांची जुनी लाट काढायची, नवी लाट तिच्यावर ठेवून बघायची, चुकलं की परत चढायचं. बाप जमायला तीन आठवडे लागले. मग वसाहतीत गेलेला चुलतभाऊ धाकलू: लांब ढांगा, उतारावर उड्या. मग शेजारचे रामजी आखाडे: काठी आणि दर वीस पावलांना थांबा. धाकलूच्या बायकोनं मात्र घाम काढला. मंजुळावहिनी एकोणपन्नास किलोची. आता स्वतःच्या अंगातलं वजन कमी कसं करणार? मग आठवलं, वहिनी कधी रिकामी वर आलीच नाही. डोक्यावर नऊ किलोचं काहीतरी असायचंच. झालं की अठ्ठावन्न!

चौघं आणि आत्या, पाच. नकाशा खूश. सहा महिने वस्ती नांदती होती.

फक्त बिरूचे पाय त्याचे राहिले नव्हते. कधी कधी नुसतं पाणी आणायला जातानाही त्याचा डावा गुडघा आखडायचा.

*

त्या संध्याकाळी उतरून खाली आला तर खोलीत केतकी मॅडम बसलेल्या. नकाशाची गणितं बसवणाऱ्या चौघांपैकी एक. तिशी-पस्तिशीच्या, डोळ्यांखाली काळं. जिल्ह्यातल्या एकोणचाळीस वाटा एकट्या सांभाळायच्या आणि बोलताना मध्येच डोळे मिटायच्या.

"बस बिरू. पाणी पी आधी."

"काय झालं मॅडम? दोरी तुटली?"

"तुमच्या वस्तीतली माणसं भांडलीयत का एकमेकांशी?"

"नाय. का?"

त्यांनी पडदा त्याच्याकडं फिरवला. "कारण ती कधी भेटतच नाहीत. सहा महिन्यांत एकदाही दोन जण एका वेळी वाटेवर नाहीत. हे दोन आणि तीन पूर्वी रोज बरोबर चालायचे, नवरा-बायकोच असणार ना? नवरा वर पोचतो, बरोबर पन्नास मिनिटांनी कर्मचारी उतरतो. मग बायको चढते. परत कर्मचारी उतरतो. वर गेलेलं माणूस खाली येतच नाही, बिरू. सगळे नुसते चढतायत आणि तू एकटा उतरतोयस."

बिरूच्या कानशिलांत जाळ झाला. एवढी अक्कल लढवली आणि उतरायचं सोंग घ्यायचंच राहिलं! पण उतरताना तरी निदान स्वतःच्या पायांनी उतरावं, एवढीच हौस होती त्याची. दिवसभरातली तेवढीच वाट त्याची स्वतःची असायची.

"तुमच्या मशीनला कळलं?" त्यानं आवाज चढवूनच विचारलं. "का तुम्हाला कळलं?"

"मशीन पाय बघतं. माणसं कुणाबरोबर चालतात ते बघायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. मला कळलं."

"मग लावा की चौकशी! काढा मला! वर या एकदा, बघा म्हातारीला—"

"ओरडू नकोस. माझं डोकं दुखतंय." मॅडमनी डोळे मिटले, परत उघडले. "मी एक वेळ गप्प बसलेही असते. पण हे बघ."

पडद्यावर दाराची वाट. वरची सहा वळणं तांबडी. थकवा: चौऱ्याहत्तर.

"ओझं घेऊन, टाच आपटत, तेच दगड, दिवसातून तीनदा," मॅडम म्हणाल्या. "बाराव्या वळणाला चार बोटं माती गेलीय. सोमवारी सकाळी नकाशा आपोआप वाट बंद करेल, मग वरही कुणाला राहता येणार नाही. तीन वर्षं."

बिरू हसला. हसूच आलं त्याला, काय करणार? वाट जिती राहावी म्हणून चालला आणि चालून चालूनच तिला मारली.

"आणि मी खरं सांगितलं तर?"

"तर रहिवासी पाय एकच उरतो. वस्ती रिकामी. तुझी आत्या खालीच येणार."

"म्हणजे दोन्हीकडनं तेच. मग बोलू कशाला? राहू दे खोटं."

मॅडमनी पडद्यावर दुसरी वाट काढली. बाहेर कुणीतरी गाईला हाकलत होतं.

"कारण नकाशा शिकतो, बिरू. पाच माणसं चालली की एवढी माती जाते, असं तो तुझ्या वाटेवरून शिकला. आता तोच हिशोब बाकीच्या अडतीस वाटांना लागतोय. चांदरमाचीवर खरोखरची पाच माणसं आहेत. त्यांचा आकडा कालच अडुसष्टवर गेला. त्यांनी काही केलेलं नाही."

हे मात्र बिरूला झेपलं नाही. चांदरमाचीची माणसं त्याला ठाऊक होती. त्या वस्तीत एक पोरगी आहे, रोज शाळेला उतरते आणि चढते.

"मी उद्या संध्याकाळपर्यंत इथं आहे," मॅडम म्हणाल्या. "तुझं तू सांगितलंस तर मला आकडे काढून टाकता येतील. मी सांगितलं तर चौकशी लागेल, आणि सहा महिने तेच आकडे चालतील. विचार कर."

*

वसाहतीत धाकलू घराबाहेर बसून पायाला मलम चोळत होता. दिवसभर रिसॉर्टची गाडी हाकून पायाला गोळे येतात म्हणे. बिरूला बघून म्हणाला, "ये वाटराख्या! का रे, तोंड असं का म्हशीनं चाटल्यागत?"

"दादा, एक काम आहे. आठवड्यातून एकदा वर चढायचं. तू आणि वहिनी. रामजीबाबांनाही सांग."

"वर?" धाकलूनं माचीकडं बघितलं, जसं काय तिथं ढगच आहेत. "अरे, मी दारापर्यंत पोचेपर्यंत माझं लाकूड होईल. मंजे, ऐकलंस का? बिरूशेट आपल्याला डोंगर चढायला सांगतायत!"

मंजुळावहिनी आतून म्हणाली, "भावजी, माझ्या कामाच्या दोन पाळ्या असतात हो. येईन एखाद्या सणाला."

"सणाला येऊन काय उपयोग? महिन्याला पाच पाय लागतात!"

"मग म्हातारीला खाली आण की," धाकलू म्हणाला. "इथं नळ हाय, डॉक्टर हाय. तिचा हट्ट आणि तुझी वरात."

"तुझा बाप गेला तो डॉक्टर असतानाच ना?"

बोलून गेला आणि जीभ चावली. धाकलूचा हात मलमाच्या डबीवरच थांबला. तो रागावला नाही, ते आणखी वाईट. नुसता म्हणाला, "हां. गेला खरा." आणि परत पाय चोळायला लागला. रामजीबाबा तर चार महिन्यांपूर्वीच मुलीकडं शहरात गेले होते. बिरू ज्यांच्या पायांनी चालत होता, ते इथं नव्हतेच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चढला. पहिल्यांदाच मोकळा. पाठीवर काही नाही, कुणाचं सोंग नाही. तरी दर वळणाला बसावं लागलं.

बाराव्या वळणाला आत्या होती. घळीच्या कडेला उकिडवी बसून आत बघत होती. उघडी दोरी काळ्या सापासारखी दिसत होती.

"ही तू पाडलीस?" तिनं विचारलं.

"हां."

"एकट्यानं?"

"पाच जणांनी." तो तिच्या शेजारी बसला आणि सगळं सांगितलं. सोमवार, चौऱ्याहत्तर, चांदरमाची, सगळं. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. ती ओरडेल म्हणून तो तयारीत होता, पण काल ओरडून झालं होतं तिचं.

मग ती म्हणाली, "पर तुम्ही वाट हलवली कुठं?"

"म्हंजे?"

"पंधरा वर्षं झाली दोरी पुरून. पंधरा वर्षं ह्याच रेघंवरनं चाललाय सगळे. कोण चालतं असं? दसरा झाला की माझा बा आख्ख्या वस्तीला घिऊन यायचा. जुन्या वाटंत कारवीच्या काटक्या आडव्या दाबायच्या, पानी अडतं, माती बसती. आन् वाट सरकवायची, यंदा वरल्या अंगानं, पुढल्या साली खालनं. चार सालानं परत हितं. तवर हितं गवात गुडघ्याएवढं. तू व्हतास की. कडंवर घिऊन यायचे मी तुला."

बिरूला आठवेना. पण त्यानं उताराकडं बघितलं आणि एकदम दिसलं. त्याचे डोळे तसे होतेच. गवताखाली अजून तीन पुसट पट्टे, एकाखाली एक, जुन्या वळासारखे. इतकी वर्षं त्यानं ते बघितले होते आणि म्हशींनी पाडलेत असं समजला होता. मंडळाची माणसं आली तेव्हा त्या साली जी रेघ चालू होती तीच त्यांनी वाट धरली. तिथंच दोरी पुरली, तिथंच फळ्या ठोकल्या. वाटेला विश्रांती द्यायची म्हणून एवढा नकाशा केला, आणि वाटेला हलायचीच सोय ठेवली नाही.

"कुणी विचारलं नाय तुम्हाला?"

"कोन विचारतंय? त्यांनी बोट करून विचारलं, वाट कुठली? तुझ्या बापानं बोट केलं, ही. बरोबरच व्हतं ते. त्या सालची तीच व्हती."

आत्या उठली. कंबरेचा कोयता काढला आणि कारवी छाटायला लागली. मोळी झाली तशी घळीत उतरली, काटक्या आडव्या रोवायला लागली.

"आत्ते, काय करतीस?"

"वाट सरकवती. तिकडं खडकाच्या वरनं जाते बघ एक रेघ, तिला पाडाय लागंल. चार-पाच दिस खालीवर केलं की पडती."

"एवढ्या जवळनं दोरी ऐकते. तीस पावलं तरी लांब जायला पाहिजे."

"तीस?" तिनं डोळे बारीक करून मोजलं. "मंग खडकाच्या पल्याडनं. हिरड्याखालनं. जमतंय."

"पण आत्ते, मग तू नकाशात दिसणारच नाहीस! वस्ती रिकामी दाखवतील. औषधाचा ड्रोन येणार नाही, वरचा टॉवर बंद करतील, पाय मोडून पडलीस तर कुणाला कळणार नाही."

"आन् दिसले तर खाली नेत्यात."

"हां."

"मंग न दिसल्यालं बरं."

एवढं सोपं करून टाकलं तिनं. बिरूला राग आला, तिचा आला की स्वतःचा ते कळेना. सहा महिने तो एकटा डोकं फोडत होता. एकदा तिला विचारलं असतं तर? पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे ती भ्यायली असती, असं त्याला वाटलं होतं. भ्यायलेला तर तोच होता.

"तू एकटी कशी पाडणार वाट?"

"दोन पाय हायत की मला." ती वाकलेलीच बोलत होती. "तू तुझं काम बघ. तुझी नोकरी हाय."

*

संध्याकाळच्या आत तो खोलीवर पोचला. केतकी मॅडम सामान आवरत होत्या. त्यानं ओळखपत्र आणि खोलीची किल्ली टेबलावर ठेवली.

"सांगतो. सगळं सांगतो. कुठं बोलायचं?"

मॅडमनी फोनचं रेकॉर्डिंग चालू करून तो मध्ये ठेवला. बिरू बोलत गेला. वाळू किती, कुणासाठी कुठली वहाण, पडद्यावर लाटा कशा जुळवल्या. बोलताना एकदाही त्याचा आवाज चढला नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं. वाट हलवायचं सांगितलं तेव्हा मॅडमनी फोन थांबवला.

"थांब. परत सांग. दर वर्षी?"

"दर दसऱ्यानंतर. चार रेघा. अजून दिसतात, या बघायला. गवताखाली आहेत."

मॅडम उठून खिडकीशी गेल्या. "आम्ही वाट म्हणजे रेघ धरली," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "ती पट्टा आहे. हे बदलायचं म्हणजे मुळापासून बदलायचं. मंजुरी, नवी दोरी... दहा महिने. कदाचित वर्ष."

"तोवर?"

"तोवर नवीन वाट नकाशाच्या दृष्टीनं नाहीच. आणि जी नाही तिच्यावर बंदीही घालता येत नाही." त्या वळल्या. "मी काय बोलले ते तुला कळलं ना? मी पुन्हा बोलणार नाही."

"कळलं."

"सोमवारी मंडळाच्या समितीपुढं येशील? तू स्वतः बोललास तर चांदरमाचीचा आकडा लगेच उतरेल. माझ्या कागदावर आठवडे जातील."

"माझं बोलणं आहे की तुमच्या फोनमध्ये. तेच ऐकवा. चुकून शिवी गेली असेल तर राहू द्या."

मॅडम पहिल्यांदाच हसल्या, दमलेलं हसू. फोन परत चालू केला. "शेवटचे दोन प्रश्न. त्या पाच पायांतले खरे किती?"

"एक. माझी आत्या, ठकूबाई."

"आणि आजच्या तारखेला वस्तीत राहतात किती?"

बिरूनं टेबलावरच्या ओळखपत्राकडं बघितलं. वर दिवस कलला होता आणि म्हातारी खडकाच्या पलीकडं एकटीच खालीवर करत असणार, पाणी तरी प्यायली असेल की नाही कोण जाणे.

"दोन," तो म्हणाला.

"दुसरं कोण?"

"बिरू कोंडिबा मरगळे. लिहा. नोकर नाही, रहिवासी लिहा. आणि बाकीचं नंतर विचारा मॅडम, मला आता निघायलाच पाहिजे."